भागवतनं मुरवलेलं इंजिन

मेहकरच्या बसस्टँडवरून जानेफळच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताचं चौथं दुकान भागवत खोडकेचं. दुकानाला पाटी नाही. सोयाबीनवर अळी पडायच्या दिवसांत समोर पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपांची रांग लागते, तीच पाटी. त्या रांगेत निम्मे पंप कोरे असतात, खोक्यातून काढून थेट इथं आणलेले. बिघडलेला पंप मिस्त्रीकडे न्यायचा ही रीत सगळ्या जगाची. कोरा पंप मिस्त्रीकडे न्यायचा ही रीत भागवतच्या दुकानाची.

"मुरवून द्या, भाऊ," एवढंच लोक म्हणत आणि पंप ठेवून बाजाराला जात.

नव्या इंजिनात पिस्टन आणि सिलेंडर एकमेकांना सरावलेले नसतात. दोघांच्या अंगावर डोळ्याला न दिसणारा खरखरीतपणा असतो. पहिल्याच दिवशी पूर्ण रेस दिली तर ते एकमेकांना ओरबाडतात, आणि तो ओरखडा मग इंजिन मरेपर्यंत जात नाही. म्हणून भागवत पहिल्या दोन टाक्यांना पेट्रोलात ऑइल सढळ हातानं घाली, पाच मिनिटं हळू चालवी, बंद करी, गार होऊ देई, पुन्हा चालवी. गार झालं की नाही हे तो तळहातानं पाहत नसे. वाकून गाल लावी. नवीन गिऱ्हाइकाला हसू येई, पण त्यानं मुरवलेले पंप पाच-पाच हंगाम पिस्टन न बदलता चालत, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

ही विद्या त्याला उत्तमराव सरांनी दिली होती, आणि तीही फवारणी पंपावर नाही, विमानावर.

उत्तमराव सर शाळेत कार्यानुभव शिकवत. भागवत आठवीत होता तेव्हा सरांनी कलकत्त्याहून मूठभर आकाराचं एक इंजिन मागवलं होतं. हलक्या लाकडाचं, कागद चिकटवलेलं विमान, त्याच्या नाकावर पंखा लावलेलं ते इंजिन, पंखातून निघालेल्या दोन बारीक तारा आणि तारांच्या टोकाला मूठ. मूठ धरणारा मध्ये उभा राहून गिरकी घेई आणि विमान त्याच्याभोवती चरकाच्या बैलासारखं घुमे, फरक इतकाच की हवेत. लोक त्याला दोरीचं विमान म्हणत. त्याच्या इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल असे. एरंडेल आणायचं काम भागवतकडे होतं. औषधाच्या दुकानदारानं दर खेपेला विचारावं, "घरी कोणाचं पोट बिघडलं रे?" आणि भागवतनं दर खेपेला सांगावं, "विमानाचं."

"बाकीचं तेल तापलं का पळून जाते," सर सांगत. "एरंडेल पळत नाही. जितकं तापंल तितकं धातूले धरून बसते. पंखावर तेलाचा राप दिसला का समजायचं, आत सगळं ठीक हाय. पंख कोरडा दिसला का इंजिन बंद कर."

ते इंजिन मुरवायला सरांनी भागवतलाच निवडलं. इंधन ओलं ठेवायचं, म्हणजे हवेच्या मानानं तेलाचं आणि इंधनाचं प्रमाण जास्त. दोन मिनिटं चालवायचं. गालाला गार लागेपर्यंत थांबायचं. असे तीस रन. पोरगं एका जागी बसत नसे, पण या कामाला तीन रविवार मांडी मोडून बसलं. त्याच पंधरवड्यात त्यानं घाई करून सरांकडचं दुसरं एक इंजिन जाम केलं, हेही खरं. पण सरांनी त्याला हाकललं नाही.

त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत सरांचं घर, आणि दर रविवारी सकाळी नऊला भागवत तिथं. सरांची बायको गेली, मुलगी नांदायला छत्रपती संभाजीनगरला गेली, सरांच्या डोळ्यांत पडदा आला, हात थरथरायला लागला. भागवतचा रविवार चुकला नाही. दोघं चहा पीत, जुनं इंजिन पुसून त्यात चार थेंब तेल सोडत, पंखा अंगठ्यानं दोन वेळा फिरवत आणि पुन्हा डब्यात ठेवत. बोलणं फार नसे. भागवतला त्याची गरजही वाटत नसे. या गावात सरांचं माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर एकच होतं.

मग दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सुचिता मॅडम आल्या.

वडनेर भोलजीकडच्या. वय चौतीस-पस्तीस, शाळेत विज्ञान शिकवायला. प्रयोगशाळेच्या कपाटावर त्यांना दोरीच्या विमानाचा मोडका पंख सापडला आणि हा कोणाचा म्हणत त्या सरांच्या घरापर्यंत पोचल्या. पहिल्या रविवारी भागवतला बरं वाटलं; कोणीतरी सरांची चौकशी करतंय. दुसऱ्या रविवारी त्या त्याच्या आधी येऊन बसल्या होत्या. तिसऱ्या रविवारी सर हसत होते. भागवत ओसरीत चपला काढत होता आणि आतून सरांचं हसू ऐकू येत होतं, घशातून येणारं, जुनं. हे हसू त्यानं सरांची बायको गेल्यापासून ऐकलं नव्हतं. चांगली गोष्ट होती. पण त्यानं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली, आणि मग पुन्हा काढली.

त्यानंतर तो मोजायला लागला. सरांनी तिला किती वेळा नावानं हाक मारली. त्याच्या कपात चहा आधी ओतला की तिच्या. ती सरांना पेपर वाचून दाखवी. त्यात तो कुठं बसणार? तिनं सरांचा चष्मा नव्या नंबरचा करून आणला. तिची स्कूटी दारात दिसली की भागवत गल्लीच्या तोंडाशी उगाच थांबून कोणाशी तरी बोलत राही, आणि मग उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडे.

"सरायकडं मॅडम असल्या का तुमचं जेवण जात नाही," त्याची बायको विमल एकदा म्हणाली.

"मले काय करायचं तिच्याशी."

"थेच तर म्हणून राह्यली मी. काही करायचं नाही तर पोळी काऊन ठेवली?"

सरांची एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची. कोणतं इंधन, किती तेल, कोणत्या दिवशी कसं चाललं, सगळं तीत. भागवतनं तिला कधी हात लावला नव्हता. सर लिहीत आणि तो पाही. आता सरांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सर सांगत आणि सुचिता मॅडम लिहीत. एका रविवारी सर न्हाणीत होते, मॅडम यायच्या होत्या. भागवतनं वही उघडली. आधी मागचं चाळलं. एवढ्या वर्षांत त्याचं नाव दोनदा सापडलं. एकदा, 'भागवतने एरंडेल दोन बाटल्या आणल्या.' दुसऱ्यांदा, 'भागवतने घाईत इंजिन जाम केले.' मग शेवटची पानं पाहिली. गोल, स्वच्छ अक्षर. दर पानावर कुठं ना कुठं, 'सुचिताच्या मते'.

त्यानं वही होती तशी ठेवली. सर बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, दुकानात काम आहे, आणि चहा न घेता निघाला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. पुण्याला कंपनीत असलेला कुलदीप, शाळेचा जुना विद्यार्थी, त्यानं ठरवलं की त्या दिवशी मैदानावर पुन्हा विमान उडालं पाहिजे. दिवाळीनंतर त्यानं दोन इंजिनं पाठवली. नवीन पद्धतीची, मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणारी, दोन्ही अगदी सारखी. भागवतला वाटलं, दोन्ही आपल्याकडेच येणार. सरांनी एक खोकं त्याच्या हातात दिलं आणि दुसरं मॅडमच्या.

"दोघं मुरवा," सर म्हणाले. "पाहू जानेवारीत."

सरांच्या मनात काही नव्हतं. पण भागवतला ऐकू आलं ते असं, की पस्तीस वर्षांनी त्याची परीक्षा लागली आहे आणि समोर बसलेली पोरगी कालची आहे.

मॅडमनी खोक्यातला घडी घातलेला कागद वाचायला घेतला. बारीक इंग्रजी अक्षरांचा. वाचता वाचता त्या म्हणाल्या, "भागवतभाऊ, या इंजिनाची गोष्ट जरा वेगळी दिसते. याच्यात पिस्टनले रिंग नाही, आणि सिलेंडर—"

"इंजिन इंजिनच असते मॅडम," भागवत म्हणाला. "मुरवलं तर चालते, नाही मुरवलं तर जाते."

"तसं नाही. हे थंड चालवायचं नाही म्हणून राह्यले कंपनीवाले."

"तुम्ही तुमचं करा ना," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. सर डोळे मिटून बसले होते.

भागवतनं दुकानामागे लाकडी स्टँड रोवला आणि इंजिन त्यावर कसलं. तेलघाण्यावरून ताजं एरंडेल आणलं, दोनदा मलमलीतून गाळलं. मिथेनॉल चार भाग, तेल एक भाग. त्यानं तेल त्याहून थोडं चढंच धरलं. इंधनाची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, सैल सोडली, मिश्रण ओलंच राहावं म्हणून. दोन मिनिटं. गाल. थांबणं. पुन्हा दोन मिनिटं. सरांनी त्या वेळी तीस रन सांगितले होते. त्यानं ठरवलं, चाळीस. मग बेचाळीस केले. गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहिली तरी त्यानं रन मोडला नाही. सुरुवातीला पंखा हातानं फिरवताना पिस्टन अगदी वरच्या टोकाला अडकल्यासारखा वाटे, बारीक कुंईऽऽ करी. रोज ती अडचण थोडी कमी होत गेली. डिसेंबर संपताना पंखा एका बोटानं, लोण्यातून सुरी जावी तसा फिरत होता. भागवत तो पुन्हा पुन्हा फिरवून पाही आणि त्याला आत गोड वाटे.

मॅडमचं काम त्यानं एकदाच पाहिलं, शाळेच्या मागच्या पडवीत. काही निमित्त काढून गेला होता. त्यांनी इंजिन सुरू केलं, क्षणभर ओलं ठेवलं आणि लगेच सुई आवळून जवळजवळ पूर्ण वेगाला नेलं. अर्धा मिनिट. बंद. तेही कोऱ्या इंजिनाला, आणि नीट तापू देऊन. दिवसाला दोन-तीन रन, आणि सगळे मिळून दहा-बारा होतील म्हणे.

त्याच्या दृष्टीनं ही कत्तल होती. मिस्त्री म्हणून त्याचा हात आपोआप पुढं व्हायला हवा होता. फवारणी पंपाशी कोणी असं वागलं असतं तर त्यानं पंप हिसकावून घेतला असता. इथं तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"बरोबर चाललं ना भाऊ?" मॅडमनी कानावरचा रुमाल सोडत विचारलं.

"बरोबर हाय," भागवत म्हणाला.

येताना त्याला सायकल हलकी लागली. मरू दे, असं त्याच्या मनात आलं. इंजिन मरू दे. जानेवारीत सरांच्या कानालाच कळेल कोणाचा हात कोणता. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला आणि विमलनं त्याच्याकडे पाहिलं.

एकवीस जानेवारीच्या रविवारी मैदानावर दोन्ही इंजिनं तपासायची ठरली. सर खुर्चीवर, अंगावर शाल, मान आवाजाकडे कललेली. पहिलं भागवतचं. बोटाच्या पहिल्या झटक्याला सुरू झालं. भागवतनं सुई आवळली, आवाज चढला, गोल आणि गुळगुळीत. त्यानं मॅडमकडे पाहिलं नाही, गरज नव्हती.

मिनिटभरानं आवाज थोडा बसला. त्यानं सुई अर्धा फेरा आवळली. आवाज चढला आणि लगेच जास्त खाली आला. आणखी थोडी आवळली तेव्हा इंजिन खोकून बंद पडलं. त्यानं पंखा फिरवला. वर जाताना पिस्टननं दाबच धरला नाही. आत काही नाहीच असा पंखा मोकळा फिरला. दहा-बारा झटके मारले, बोटाचं कातडं सोललं, इंजिन सुरू होईना. पाच मिनिटांनी गार झाल्यावर मात्र एका झटक्यात सुरू झालं, आणि तापल्यावर पुन्हा बसलं.

मग मॅडमचं. थंड असताना पंखा हलता हलेना. वरच्या टोकाला कुंई करून अडला. भागवतच्या मनात क्षणभर आशा आली. तिसऱ्या झटक्याला सुरू झालं, चढलं, आणि चढल्यावर तिथंच राहिलं. दोन मिनिटं, तीन, पाच. स्टँडच्या फळीवर तेलाचा तपकिरी पट्टा उमटत गेला. बंद करून गरम असतानाच झटका मारला तर पहिल्याच झटक्याला पुन्हा सुरू.

मॅडमनी इंजिन बंद केलं.

"किती रन दिले भागवता?" सरांनी विचारलं.

"बेचाळीस."

"गार करून?"

"दर वेळेस, सर."

सरांनी शाल सारखी केली. मग त्यांनी मॅडमला सांगितलं, समजावून सांग त्याला. मॅडमनी सांगितलं, हळू आवाजात, खाली पाहून. जुन्या इंजिनाचा पिस्टन लोखंडाचा होता, तो गार आणि ओला मुरवायचा हे खरंच. या इंजिनाचं सिलेंडर पितळेचं, आतून मुलामा दिलेलं, आणि वर निमुळतं होत गेलेलं. थंड असताना वरच्या टोकाशी पिस्टन मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. चांगलं तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि दोघांमध्ये हवी तेवढीच जागा होते. थंड चालवलं तर दर फेऱ्याला पिस्टन त्या अरुंद जागेत घासत राहतो आणि झिजतो. मग तापल्यावर ती फट इतकी होते की दाब राहत नाही.

म्हणजे ते लोण्यासारखं फिरणं म्हणजे झीज होती. बेचाळीस रन त्यानं गाल लावून लावून इंजिन झिजवलं होतं.

"तुझी चूक नाही," सर म्हणाले. "मी तुले तेवढंच शिकवलं. मलेच ठाऊक नव्हतं. या वयात सुचिताकडून शिकून राह्यलो मी."

सर रागावले असते तर भागवतनं ते सोसलं असतं. पण 'सुचिताकडून शिकून राह्यलो' हे सर कौतुकानं म्हणाले, आणि ते कौतुक त्याला मिरचीसारखं झोंबलं. शिवाय ती त्या दिवशी सांगत होती. त्यानंच ऐकलं नव्हतं. हे आठवलं की तिच्यावरचा राग वाढे, कमी होत नसे.

शाळेत केलेलं विमान एकच तयार होतं. सरांनी ठरवलं, मॅडमचं इंजिन चढवायचं. "आणि चढवायचं काम भागवतचं. त्याच्याइतकं सरळ कोणी बसवत नाही."

मॅडमनी आपलं इंजिन फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. विमान, दोन्ही इंजिनं, सगळं त्याच्या दुकानात आलं.

बुधवारी दुपारी तो बसवायला बसला. बाकावर विमान उलटं, शेजारी दोन इंजिनं. बाहेरून दोघांत काही फरक नव्हता. कोणतं कोणाचं हे फक्त पंखा फिरवणाऱ्या बोटाला कळलं असतं. भागवतनं एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. सगळं गाव मैदानावर असणार. विमान वर जाईल, दोन घेरे घेईल, इंजिन तापेल आणि बसेल. लोक म्हणतील, मॅडमचं इंजिन फेल गेलं. सर काही म्हणणार नाहीत, पण वहीत एक ओळ तरी येईल.

त्यानं आपलं इंजिन विमानावर ठेवलं, चारही स्क्रू भरले आणि एकेक करून आवळले. मॅडमचं पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

विमल चहा घेऊन आली. "दोन्ही एकसारखीच दिसतेत. तुमचं कोणतं?"

त्यानं फडक्यातल्या इंजिनाकडे बोट केलं. "थे."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. विमलशी तो अनेक गोष्टींत खोटं बोलला असेल, पण यंत्राच्या बाबतीत कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम दुकानात आल्या. भागवत एका पंपाचा कार्ब्युरेटर खोलून बसला होता. मान वर न करता त्यानं बाकाकडे हात केला. त्या विमानाकडे गेल्या, पंखांवरून हात फिरवला, बसवलेलं इंजिन वाकून पाहिलं. "किती सरळ बसवलं भाऊ," असं मनापासून म्हणाल्या. मग एका बोटानं पंखा फिरवला.

पंखा लोण्यासारखा फिरला.

त्यांनी पुन्हा फिरवला. मग बोट काढून घेतलं. भागवत कार्ब्युरेटरच्या नळीत फुंकत होता. आत काही अडकलेलं नव्हतं तरी फुंकत राहिला.

"भाऊ, हे माझं नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यानं नळी खाली ठेवली.

बाहेरून एस.टी. गेली. "दोन्ही सारखीच आहेत. चुकून बसलं असंल," त्या म्हणाल्या. "सरांना सांगायची काही गरज नाही."

तिनं वाट करून दिली होती. हो म्हणायचं आणि स्क्रू सोडायचे, एवढंच. पण तिनं दिलेली वाट घ्यायची हेच त्याला जमेना. तिच्या उपकाराचं एवढं ओझं नको होतं.

"चुकून नाही बसलं," भागवत म्हणाला.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या बाकाच्या कडेला बसल्या. "काऊन पण?" त्यांनी विचारलं. "मी काय केलं तुमचं?"

हे तिला खरंच कळलेलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. दोन वर्षं तो तिच्याशी झुंजत होता आणि तिला पत्ताच नव्हता.

"तुम्ही नाही काही केलं," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आधी मी एकटा जात होतो सरायकडं. बस, एवढंच हाय." आणि मग, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, "तुम्ही पडवीत इंजिन चालवत होत्या तवा मले वाटलं होतं तुम्ही थे खराब करून राह्यल्या. तरी मी बरोबर हाय म्हटलं."

मॅडम रडल्या नाहीत, रागावूनही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला भीती वाटत होती भाऊ. कागद वाचून करत होते सगळं. तुम्ही बरोबर हाय म्हटलं म्हणून पुढं गेले मी." भागवतला ते बोलणं सुईसारखं लागलं.

त्यानं स्क्रू सोडले. फडक्यातलं इंजिन काढून बसवलं. मॅडम स्क्रू एकेक करून हातात देत होत्या. शेवटी भागवतनं पंखा फिरवला. तो वरच्या टोकाला अडला आणि कुंई वाजला.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाल्यावर मैदान भरलं. मूठ कोण धरणार असं सरांनी विचारलं. विमान उडवायचा सराव भागवतलाच होता. मॅडमनी दोन महिन्यांत त्याच्याकडून नाही, सरांकडून तोंडी शिकून, इंजिन नसलेल्या साध्या लाकडी विमानावर हात बसवला होता.

"मॅडमनं धरावी," भागवत म्हणाला. "इंजिन त्यायचं हाय."

हे मोठ्या मनानं म्हटलं नव्हतं. तिच्या इंजिनाला आपला हात लागू नये, असं त्याला वाटत होतं. तो विमान धरून गुडघ्यावर बसला. इंजिन चढलं, एरंडेलाचे तुषार त्याच्या सदऱ्यावर आणि गळ्यावर उडाले. मॅडमनी मध्यावरून मान हलवली. त्यानं सोडलं.

पहिला घेरा वाईट गेला. विमान उसळलं, खाली आलं, गवताला टेकता टेकता वर गेलं. पडावं, असं भागवतला वाटलं. दुसऱ्या घेऱ्यालाही वाटलं, तिसऱ्यालाही. चौथ्या घेऱ्याला इंजिन पूर्ण तापलं होतं आणि आवाजात कणभर फरक पडला नव्हता. मग त्याचे कान त्या आवाजाकडे लागले आणि पडावं असं वाटणं मागे राहून गेलं. इंधन संपेपर्यंत अकरा घेरे झाले. उतरताना विमान नाकावर आपटलं, पंख्याचं एक पातं मोडलं, लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

सर खुर्चीवर पुढं झुकले होते. माणसांच्या गलक्यात त्यांना धड ऐकू आलं नव्हतं. त्यांनी भागवतचा हात धरला. "आवाज कसा होता? तू सांग. बाकीच्यायले नाही कळत."

"एकसारखा होता सर," भागवत म्हणाला. "शेवटपर्यंत बसला नाही." त्यानं गळ्यावरचं तेल पुसलं. "चांगलं मुरवलं तिनं."

पुढच्या रविवारी त्यानं सरांना सगळं सांगितलं. पडवीतलं, बुधवारचं, सगळं. मॅडम नव्हत्या. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मले नसतं सांगितलं तरी चाललं असतं भागवता." त्यानंतरचे दोन रविवार ते त्याच्याशी पावसापाण्याचं बोलले, इंजिनाचं नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी जुन्या इंजिनाचा डबा मागितला. एवढ्यावर ते मिटलं, की मिटल्यासारखं झालं. भागवतला नक्की सांगता आलं नसतं.

झिजलेल्या इंजिनासाठी नवा पिस्टन आणि सिलेंडर पुण्याहून आला. मॅडमनी कुलदीपला कळवलं होतं. भागवतनं तो महिनाभर तसाच ठेवला. मग एका दुपारी बसवला आणि तापवून, छोट्या छोट्या रननं मुरवला. बारा रन. गाल लावायला दर वेळी मान आपोआप वाकायची आणि तो ती मागे घ्यायचा.

मत्सर गेला का? नाही गेला. सर मॅडमचं नाव घेतात तेव्हा अजूनही आत काही हलतं. पण त्याला आता त्याची चाहूल आधी लागते, एवढा फरक पडला. मॅडम मार्चमध्ये दुसरं विमान करायला लागल्या आणि इंजिन बसवायचं शिकवा म्हणून दुकानात आल्या. त्यानं शिकवलं. लाकूड कोणतं घ्यायचं, भोकं कशी पाडायची, स्क्रू तिरपे आवळत कसे जायचे. इंजिनाचं नाक घेराच्या किंचित बाहेर वळवून ठेवलं की तारा ताणलेल्या राहतात, ही चौथी गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. मॅडम आभार मानून गेल्या.

तो दोन दिवस कामात राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकान अर्धं ओढून घेतलं, सायकल काढली आणि शाळेत जाऊन ती गोष्ट सांगून आला.